कागदाचा कल ओळखा!

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून जुन्या रस्त्याने भिवंडीकडे निघालात, की काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी गावे लागतात. एके काळची ही भातशेतीची गावे. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा दिसतात. देशभरातून आलेला माल येथे उतरतो आणि पुन्हा देशभर जातो. हा माल बहुधा एकाच वस्तूत बसून प्रवास करतो. ती वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचे खोके!

राहनाळच्या मुलांना खोक्यांचे नवल नाही. पण याच खोक्याच्या कागदातून नाताळची सुंदर शुभेच्छापत्रे आणि खाऊच्या डब्या होऊ शकतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्यासाठी चकाकणारी भुकटी नको, थर्मोकोल नको. (थर्मोकोलच्या सजावटीवर महाराष्ट्र शासनाने २०१८ साली बंदीच घातली आहे.) हवी फक्त एका गोष्टीची ओळख. ती गोष्ट म्हणजे कागदाचा कल. ती एकदा पटली, की तुमची घडी तडकणार नाही, उभे राहणारे चित्र वाकणार नाही आणि पाकिटातून गेलेले पत्र पोचल्यावर नीट उघडेल.

नाताळ आपल्या शेजारचाच

राहनाळच्या जवळच भिवंडी रोड हे रेल्वे स्थानक आहे. दिवा–वसई मार्गावरची गाडी तेथून खारबाव, कामण रोड, जूचंद्र अशी स्थानके घेत वसईला जाते. वसईत मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती आहे. डिसेंबरात त्यांच्या अंगणात येशूजन्माचा देखावा उभा राहतो आणि दारावर चांदणीच्या आकाराचा कंदील लागतो. कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून चिकटवलेला कागद, अशी ही चांदणी करतात. आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचीच ती बहीण! ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. त्या भाषेत ‘नाताल’ म्हणजे जन्माचा सण. गोव्यात या दिवसांत करंजीसारख्या नेवऱ्या, दोदोल, बिबिंक असे पदार्थ करून शेजाऱ्यांकडे पाठवतात. आपण दिवाळीचा फराळ पाठवतो, तसेच हे.

शुभेच्छापत्राची चाल मात्र इंग्लंडातली. तेथे १८४० साली एका पेनीत देशभर कोठेही पत्र पाठवण्याची सोय झाली आणि लोक भराभर पत्रे लिहू लागले. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी या टपाल-सुधारणेच्या कामात हातभार लावला होता. पुढे नाताळच्या पत्रांना उत्तरे लिहिता लिहिता त्यांनाच वेळ पुरेना! तेव्हा १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या, त्या हाताने रंगवून घेतल्या आणि उरलेल्या एका शिलिंगला एक अशा विकल्या. विक्रीसाठी निघालेले हे पहिले नाताळ-पत्र मानतात.

दुसरी एक हकीकत तुमच्यासारख्या मुलीची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील एका खेड्याला ‘युनिसेफ’ने मदत केली. तेथल्या यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीने आभाराचे चित्र काढले. कागद मिळेना, म्हणून तिने ते काचेवर रंगवले. ‘युनिसेफ’ने १९४९ साली त्याचे शुभेच्छापत्र काढले. त्या संस्थेचे ते पहिले शुभेच्छापत्र. आपल्याजवळ कागदाची अशी टंचाई नाही. तेव्हा आपण त्या कागदाचीच ओळख करून घेऊ.

ताणा, बाणा आणि कागद

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले धागे असतात, त्यांना ताणा म्हणतात. आडव्या जाणाऱ्या धाग्यांना बाणा म्हणतात. कापड फाडताना सुताच्या रेषेत ते सरळ टर्रकन् फाटते, तिरपे मात्र फाटत नाही, हे तुम्ही कापडाच्या दुकानात पाहिलेच असेल.

कागद विणलेला नसतो. पण त्यालाही दिशा असते. कारखान्यात लाकडाचा, गवताचा किंवा रद्दीचा लगदा पाण्यात कालवतात. तो इतका पातळ असतो, की शंभर भागांत सुमारे नव्व्याण्णव भाग पाणीच! हे पाणी वेगाने पळणाऱ्या जाळीवर सोडतात. पाणी खाली गळून जाते आणि तंतू वर राहतात. लाकडाचा एक तंतू साधारण १ ते ३ मिलिमीटर लांब आणि केसाहून बारीक असतो. ओढ्याच्या प्रवाहात काटक्या जशा प्रवाहाच्या दिशेने वळतात, तसे जाळीवरचे बरेचसे तंतू जाळीच्या पळण्याच्या दिशेने लांबीत पडतात. सगळे नव्हे, पण बरेचसे. या दिशेला आपण कागदाचा कल म्हणू.

हाताने केलेल्या कागदाचे तसे नाही. कारागीर चौकटीतली जाळी लगद्याच्या पाण्यात बुडवून वर काढतो आणि ती मागेपुढे व डावीउजवीकडे हलवतो. त्यामुळे तंतू चहूकडे पडतात आणि कल फारच थोडा राहतो. महाराष्ट्रात ही कला जुनी आहे. जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद पूर्वी नावाजलेला होता. दौलताबादजवळच्या एका गावाचे नावच कागजीपुरा आहे. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४० साली पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. तेथे सुती कापडाच्या कातरणातून कागद करीत. कापसाच्या तंतूत जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असते, म्हणून असा कागद वर्षानुवर्षे टिकतो. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निनही राहते. ऊन आणि हवा लागली, की लिग्निनमुळे कागद पिवळा पडतो. म्हणून जपून ठेवायचे शुभेच्छापत्र वर्तमानपत्राच्या कागदावर कधीही करू नये.

कल कसा ओळखावा?

प्रयोग १. जुन्या वहीचा एक कोरा कागद घ्या. तो एकदा उभा फाडा आणि एकदा आडवा फाडा. एका दिशेने तो बराच सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. जिकडे सरळ फाटला तिकडे कल.

प्रयोग २. जाड कागद फाडून बघायचा नसेल, तर त्यातून १५ सेंमी लांब आणि १.५ सेंमी रुंद अशा दोन पट्ट्या कापा. एक कागदाच्या लांबीतून, दुसरी रुंदीतून. दोन्हींवर पेन्सिलीने खूण करा. आता एकीवर एक ठेवून त्यांची एक टोके चिमटीत आडवी धरा. मग वरची खाली आणि खालची वर करून पुन्हा धरा. एका खेपेस दोन्ही पट्ट्या चिकटून राहतील, दुसऱ्या खेपेस खालची पट्टी सुटून लोंबेल. जी लोंबते तिचे तंतू आडवे आहेत. जी ताठ राहते तिच्या लांबीत कल आहे.

प्रयोग ३. कागदाचा ५ सेंमीचा चौरस कापा आणि ताटलीतल्या पाण्यावर अलगद सोडा. काही क्षणांत त्याच्या कडा वर उचलून तो नळीसारखा वळू लागेल. नळीची लांबी ज्या दिशेला, तिकडे कल. असे का होते? तंतू पाणी प्यायला की फुगतो, पण लांबीपेक्षा जाडीत तो कितीतरी अधिक फुगतो. खालचा ओला थर कलाच्या आडव्या दिशेने पसरतो, वरचा कोरडा थर पसरत नाही, म्हणून कागद वळतो. थोड्या वेळाने पाणी वरपर्यंत पोचले, की तो पुन्हा सपाट होतो. तेव्हा नजर चटकन ठेवायला हवी!

आता मुद्द्याची गोष्ट. घडी कलाला समांतर घातली, तर ती तंतूंच्या मधून जाते आणि स्वच्छ बसते. घडी कलाच्या आडवी घातली, तर शेकडो तंतू कंबरेत मोडावे लागतात. कागद विरोध करतो, घडीवर पांढऱ्या भेगा पडतात आणि पत्र मिटून ठेवले तरी आपोआप फुलते.

ए-४ ची गंमत

दुकानात मिळणारा ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटर असतो. तो मधोमध कापला की ए-५ मिळतो, १४८ × २१०. तोही मधोमध कापला की ए-६, १०५ × १४८. प्रत्येक वेळी लांबी आणि रुंदी यांचे गुणोत्तर तेच, वर्गमूळ २ राहते. म्हणून मोठे चित्र लहान करताना काही कापावे लागत नाही. या गुणोत्तराचा उल्लेख लिक्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाच्या १७८६ सालच्या पत्रात आहे. १९२२ साली जर्मनीत ही मापे प्रमाण ठरली आणि पुढे बहुतेक जगाने ती स्वीकारली.

पुष्कळदा ए-४ कागदाचा कल त्याच्या लांब बाजूला, म्हणजे २९७ मिलिमीटरच्या दिशेने असतो. (तुम्ही मात्र प्रयोग करून खात्री करून घ्या.) असा कागद सरळ मधोमध दुमडलात, तर घडी २१० मिलिमीटरच्या बाजूला समांतर, म्हणजे कलाच्या बरोबर आडवी पडते. जाड कागद असेल तर ती तडकते. त्याऐवजी ए-४ आधी कापून दोन ए-५ करा आणि मग एक ए-५ मधोमध दुमडा. आता घडी १४८ मिलिमीटरच्या बाजूला समांतर येते आणि कलही तिकडेच असतो! तोच कागद, तीच बोटे, पण घडी चोख. शिवाय एका कागदात दोन पत्रे होतात.

उभे राहणारे शुभेच्छापत्र

साहित्य: जाड ड्रॉइंग कागदाचे किंवा कार्डशीटचे दोन ए-५ तुकडे, हिरवा कागद, पट्टी, पेन्सिल, कात्री, शाई संपलेली रिफील, खळ.

कृती: १. पहिल्या तुकड्यावर २१० मिलिमीटरच्या मधोमध, १०५ वर, एक रेघ आखा. तिच्यावर पट्टी धरून रिकाम्या रिफीलने दाबून खाच पाडा. यामुळे घडीच्या रेषेतले तंतू आधीच दबतात आणि घडी भलतीकडे जात नाही. खाच बाहेरच्या अंगाला आणि मागे आलेला उंचवटा आतल्या अंगाला राहील अशी घडी घाला.

२. घडी घातलेल्या स्थितीत घडीच्या बाजूने दोन काटकोनी रेघा आखा. दोन्हींची लांबी ३ सेंमी, दोहोंमधले अंतर २ सेंमी, आणि जागा घडीच्या मधोमध. दोन्ही पदर एकत्र धरून या रेघांवर कात्री चालवा.

३. काप जेथे संपतात तेथे जोडणारी रेघ आखून तिच्यावर खाच पाडा. मिळालेली पट्टी एकदा पुढे, एकदा मागे दुमडा. पत्र उघडा आणि पट्टी बोटाने आतल्या बाजूस ढकला. पत्र काटकोनात उघडले, की आत एक छोटी पायरी उभी राहील.

४. हिरव्या कागदाचे नाताळचे झाड कापा. उंची ७ सेंमी, रुंदी ६ सेंमी. झाडाचा कल उभा ठेवा, म्हणजे शेंडा लवणार नाही. पायरीच्या पुढच्या अंगाला खळ लावून झाड चिकटवा. बुंध्याची कड पायरीच्या तळाच्या घडीशी यावी.

५. मागून पाहिले तर पायरीच्या जागी भोक दिसते. म्हणून दुसरा ए-५ तुकडा तसाच दुमडून बाहेरून वेष्टनासारखा चिकटवा. खळ फक्त कडांना लावा, पायरीच्या मागे लावू नका. रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवा.

येथे चार घड्या आहेत: पत्राची मधली, पायरीची पुढची आणि पायरीच्या दोन टोकांच्या. चारही एकमेकींना समांतर आहेत. म्हणून एकदा कल बरोबर निवडला, की चारही चोख बसतात.

भूमितीची फोड

पत्राला बाजूने डोळ्यांसमोर धरून पाहा. तळ, मागची भिंत आणि पायरीची दोन अंगे मिळून चौकोन दिसतो. आपण काप ३ सेंमीचे घेतले, म्हणून त्याच्या चारही बाजू ३ सेंमी आहेत. हा समभुज चौकोन झाला. पत्र काटकोनात असताना तो चौरस असतो. पत्र मिटू लागले की कोन बदलतात, पण बाजू बदलत नाहीत. समभुज चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू समांतर असतात, हे प्रमेय तुम्ही शिकलाच आहात. म्हणून पायरीवरचे झाड पत्र मिटेपर्यंत मागच्या भिंतीला समांतरच राहते. ते तिरके होऊन अडकत नाही.

मग झाड किती उंच चालेल? पत्र पूर्ण मिटले, की पायरी सपाट होते आणि झाडाचा बुंधा घडीपासून ३ सेंमीवर येतो. झाडाची उंची त्यापुढे मोजायची. पत्राची रुंदी १०.५ सेंमी आहे. म्हणजे:

कापाची लांबी + झाडाची उंची = १०.५ सेंमी किंवा कमी.

आपण ३ + ७ = १० सेंमी घेतले, अर्धा सेंमी शिल्लक राहिला. झाड ८ सेंमीचे केले असते, तर मिटलेल्या पत्रातून शेंडा अर्धा सेंमी बाहेर डोकावला असता आणि टपालात मोडला असता. आता तुम्हाला दोन पायऱ्या करायच्या असतील, एक घर आणि त्यामागे एक चांदणी, तर प्रत्येकीसाठी हीच बेरीज करून पाहा.

पाकीट आणि वजन

मिटलेल्या पत्राचे माप ए-६, म्हणजे १०.५ × १४.८ सेंमी. त्यासाठी आतून ११ × १५.५ सेंमीचे पाकीट पुरते. ते एका साध्या ए-४ कागदातून होते. कागद उभा धरा. दोन्ही लांब कडांपासून २.७५ सेंमी आत उभ्या रेघा आखा. मधे १५.५ सेंमी उरतात. खालून वर अनुक्रमे १०.५, ११ आणि ४ सेंमी मोजून आडव्या रेघा आखा. वरची उरलेली पट्टी कापून टाका. बाजूच्या पट्ट्या फक्त मधल्या ११ सेंमीच्या भागाला ठेवा, वरच्या आणि खालच्या भागांच्या कापून टाका. बाजूच्या पट्ट्या आत दुमडून त्यांना खळ लावा आणि खालचा भाग त्यांवर चिकटवा. वरचा ४ सेंमीचा भाग म्हणजे झाकण.

आता वजन. कागदाच्या गठ्ठ्यावर ‘८० जीएसएम’ असे काही लिहिलेले असते. त्याचा अर्थ, एक चौरस मीटर कागदाचे वजन ८० ग्रॅम. ए-५ चे क्षेत्रफळ ०.१४८ × ०.२१०, म्हणजे सुमारे ०.०३१ चौरस मीटर. कार्डशीट २०० जीएसएमचे असेल, तर एका तुकड्याचे वजन सुमारे ६.२ ग्रॅम, दोहोंचे १२.४. झाडाचा सुमारे एक ग्रॅम धरा, पाकिटाचे साधारण साडेतीन. एकूण १७ ग्रॅम. आपल्याकडे टपालाचा दर २० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढत आला आहे. तेव्हा आपण पहिल्या टप्प्यात बसलो! पण कार्डशीट २५० जीएसएमचे घेतले असते, तर नुसते दोन तुकडेच साडेपंधरा ग्रॅम झाले असते आणि एकूण वजन वीसच्या काठावर गेले असते. वर खळ आणि तिकीट निराळे. वर्गातली चाळीस पत्रे पाठवायची असतील, तर हा हिशेब आधी केलेला बरा.

खोक्यातला फुकटचा कागद

पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा कडेने पाहा. दोन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये नागमोडी कागद. अशा नागमोडी कागदाचे पेटंट १८५६ साली इंग्लंडात घेतले गेले, तेही टोप्यांच्या अस्तरासाठी! १८७१ साली अमेरिकेत बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायला तो वापरू लागले. १८७४ साली त्यावर सपाट कागद चढला.

पातळ कागदाला एवढे बळ कोठून येते? दोन पुस्तकांवर पुलासारखा एक कागद ठेवा. तो स्वतःच्या वजनानेच लवेल. त्याच कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घालून ठेवा, आता तो कंपासपेटी सहज पेलतो. कागद वाढला नाही, वजन वाढले नाही, वाढली ती फक्त जाडी. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. एकसंध पुठ्ठा दुप्पट जाड केला, तर तो आठपट ताठ होतो. पन्हळीने सपाट कागद एकमेकांपासून दूर धरले जातात आणि थोड्या कागदात पुष्कळ जाडी मिळते. खोके उभे ठेवले असता त्याच्या भिंतीतल्या पन्हळ्या बहुधा उभ्या असतात. बारीक बारीक खांबांची रांगच ती. म्हणून गोदामात एकावर एक थर चढवता येतात.

हे थर स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात, आणि येथेच आपला फायदा आहे. रिकाम्या खोक्याचा तुकडा वीस-पंचवीस मिनिटे पाण्यात बुडवून ठेवा. थर आपोआप सुटू लागतील. तपकिरी सपाट कागद हलक्या हाताने सोलून जुन्या कापडावर पसरा, वर दुसरे कापड व वजन ठेवून वाळवा. नागमोडी कागद वेगळा वाळवा, झाडाला किंवा घराच्या छपराला तो शोभून दिसतो. खोक्यावर प्लास्टिकचा चकचकीत थर असेल तर मात्र पाणी आत शिरणार नाही. आणि एक सूचना: खोकी मागायला गोदामांच्या अंगणात जाऊ नका, तेथे मोठ्या गाड्या सतत मागेपुढे होत असतात. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मागा, तो आनंदाने देईल.

खळ घरीच करा. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, त्यात पेलाभर पाणी घालून मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली ढवळत शिजवा. मिश्रण एकाएकी दाट आणि चमकदार होते, कारण स्टार्चचे कण पाणी पिऊन फुटतात. सेल्युलोज आणि स्टार्च दोन्ही ग्लुकोजच्या कणांच्या साखळ्या आहेत. दोहोंवर हायड्रोजन बंध जोडणारे गट असतात. म्हणूनच खळ कागदाला इतकी घट्ट धरते, आणि म्हणूनच पाण्यात ती जोडणी सुटते. पुस्तके बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालत, पण ते विष आहे, तुम्ही घालू नका. दोन दिवसांपुरतीच ताजी खळ करा.

खाऊची डबी आणि पुडी

पत्रासोबत खाऊ द्यायचा तर डबी हवी. तपकिरी कागदाचे दोन पदर चिकटवून, किंवा बिस्किटाच्या पुड्याच्या पातळ पुठ्ठ्यातून, १८ सेंमीचा चौरस कापा. चारही कडांपासून सारख्या अंतरावर रेघा आखा आणि खाचा पाडा. प्रत्येक कोपऱ्यात एक लहान चौरस तयार होईल. त्याची एकच बाजू कापा आणि तो कोपरा शेजारच्या भिंतीला आतून चिकटवा. झाली डबी! पण कोपरा केवढा घ्यावा? हिशेब करू:

कोपरा २ सेंमी: १४ × १४ × २ = ३९२ घन सेंमी
कोपरा ३ सेंमी: १२ × १२ × ३ = ४३२ घन सेंमी
कोपरा ४ सेंमी: १० × १० × ४ = ४०० घन सेंमी

सर्वांत जास्त खाऊ ३ सेंमीच्या कोपऱ्याला मावतो. म्हणजे बाजूच्या एक षष्ठांश. कोणत्याही मापाचा चौरस घेतला तरी हेच उत्तर येते. २.५ आणि ३.५ सेंमी घेऊन पडताळा पाहा. झाकणासाठी अशीच दुसरी डबी करा, पण तिचा तळ २ मिलिमीटरने मोठा ठेवा.

याहून सोपी म्हणजे पुडी. चणेवाला कागदाची सुरनळी करून तिच्यात चणे घालतो, तीच. १२ सेंमी त्रिज्येचे अर्धवर्तुळ कापा आणि त्याची सरळ कड जुळवून शंकू करा. अर्धवर्तुळाची कमान म्हणजे शंकूच्या तोंडाचा परीघ, म्हणून तोंडाची त्रिज्या १२ ची निम्मी, ६ सेंमी. पायथागोरसच्या प्रमेयाने उंची सुमारे १०.४ सेंमी आणि घनफळ सुमारे ३९२ घन सेंमी येते. (चिकटवण्यासाठी थोडी कड एकावर एक आली, की ते किंचित कमी होते.) कागदाच्या पट्टीचे कान लावले, की पुडी झाडाला टांगता येते. पट्टी कापताना कल तिच्या लांबीत ठेवा, म्हणजे ती फाटणार नाही.

खाऊ छापील कागदाला लागू देऊ नका. छपाईच्या शाईत आरोग्याला घातक द्रव्ये असू शकतात. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी मनाई केली आहे. डबीत आतून स्वच्छ बटर पेपर घाला.

करून पाहा, विचार करा

१. तुमच्या वह्या, पुठ्ठे आणि पोस्टकार्डे यांचा कल कोणत्या दिशेने आहे? वर्गाचा एक तक्ता करा.

२. एकाच जाड कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, एक कलाला समांतर घडीची, एक आडव्या घडीची. दोन्ही पुन्हा पुन्हा उघडा आणि मिटा. कोणती आधी फाटते? किती वेळांनंतर?

३. पायरीचे दोन काप असमान लांबीचे घेतले, तर झाड सरळ उभे राहील का? आधी कागदावर आकृती काढून उत्तर द्या आणि मग कात्री हाती घ्या.

शिक्षकांना एक विनंती. आठवी-नववीच्या भूमितीच्या तासाला एक दिवस कात्री-कागद घेऊ द्यावा. समभुज चौकोन, शंकू आणि घनफळ ही प्रकरणे मुलांच्या हातात येतील. नाताळ २५ डिसेंबरला असतो. खळ वाळायला एक रात्र आणि टपालाला काही दिवस लागतात. तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कागद पाण्यावर सोडून त्याचा कल बघून ठेवा!